पाहुणपेशी

संक्रांतीनंतरच्या पहिल्या सोमवारी साताऱ्याच्या ग्राही प्रयोगशाळेत मोठी टाकी धुऊनपुसून कोरडी केली जायची, आणि ती कोरडी झाली की सायलीची ओटी भरली जायची. जगात अशा प्रयोगशाळा पुष्कळ होत्या, पण प्रथिनाच्या दात्याची ओटी भरणारी ही एकटीच. प्रथा सुरू केली वैशालीमावशींनी. टाक्यांची देखभाल त्यांच्याकडे होती आणि त्यांचं म्हणणं सरळ होतं: जिच्या रक्तातून एवढं सगळं उभं राहिलं, तिचं हे माहेरच झालं, आणि माहेरवाशीण रिकाम्या हातानं कशी जाणार? म्हणून खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, आणि त्या सगळ्यावर नव्या वर्षाच्या पहिल्या उत्पादनातली एक काचेची कुपी. कुपीवर छापलेलं असायचं: ‘सायली-ग्राही. मानवी, पुनर्संयोजित. केवळ प्रयोगशाळेतील संशोधनासाठी.’

ओटी भरायचा मान संचालिकेचा. संचालिका होत्या डॉ. केतकी जंगम, म्हणजे सायलीची सख्खी मोठी बहीण. केतकीनं लग्न केलं नव्हतं, पण प्रयोगशाळेची ओटी लग्न विचारत नाही, कुंकू विचारत नाही, असं मावशींनी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं. तेव्हा गेली नऊ वर्षं केतकी हसतमुखानं धाकटीची ओटी भरत आली होती, आणि गेली नऊ वर्षं तिच्या पोटात दुखत होतं.

ग्राही म्हणजे काय, हे त्या काळात शाळेतलं पोरही सांगू शकायचं. आपल्या रक्तात टी-पेशी नावाचे पहारेकरी फिरत असतात. प्रत्येक पहारेकऱ्याच्या अंगावर एका विशिष्ट आकाराचं प्रथिन असतं. त्यानं तो समोरच्या पेशीला चाचपतो आणि आत कोणी परका दडलाय का, ते ओळखतो. तेच ग्राही. गंमत अशी, की ग्राहीचा साचा कोणाला आईबापांकडून तयार मिळत नाही. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. तिथे प्रत्येक कोवळी पेशी आपल्या जनुकांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसते, त्यातून एक डाव लावते, आणि जन्मभर तोच डाव घेऊन रक्तात हिंडते. डाव कोट्यवधी, त्यातले बहुतेक फुकट. एखादाच असा लागतो, की ज्याची वाट सगळं जग बघत असतं.

तसा डाव सायलीला लागला होता. पंधरा वर्षांपूर्वी बहुरूपी ताप आला. त्याचा विषाणू दर हंगामात सोंग बदलायचा, म्हणून लोकांनीच त्याला ते नाव दिलं. केतकी पहिल्या दिवसापासून त्याच्या मागे होती. तिनं त्याची अकरा सोंगं ओळखून नोंदवली, त्यापायी केस पांढरे केले, आणि तिला स्वतःला तो ताप दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी तर तीन आठवडे नाकात नळी होती. सायली उंब्रजला रोपवाटिका चालवायची. तिनं अख्ख्या आळीची शुश्रूषा केली, सगळ्यांची तोंडं पुसली, पेज भरवली, आणि तिला साधी शिंकसुद्धा आली नाही. तुलनेसाठी एका निरोगी माणसाचं रक्त हवं होतं म्हणून केतकीनं तिचं घेतलं. त्यात ती पेशी निघाली. विषाणूनं वरून कितीही सोंगं बदलली तरी त्याच्या आत एक जागा कधीच बदलत नाही, आणि या पेशीचं ग्राही नेमकं तिथेच जाऊन बसायचं.

मग त्या ग्राहीचा साचा, म्हणजे त्याचं जनुक, काढून प्रयोगशाळेतल्या पोसलेल्या पेशींमध्ये घातला. दुधाला विरजण लावावं तसंच हे काम. त्या पेशी टाकीत वाढतात आणि तेच प्रथिन शेरांनी देत राहतात. याला म्हणायचं पुनर्संयोजित प्रथिन. साताऱ्याहून ते दोनशे प्रयोगशाळांत जायचं. तापावरची कुठलीही नवी लस, कुठलंही नवं औषध आधी त्यावर पडताळून बघायचं. “सायली धरतेय का?” असं शास्त्रज्ञ एकमेकांना विचारायचे. शोधनिबंधांच्या शीर्षकात सायली असायची. केतकी शेवटी, नावांच्या रांगेत. परदेशातल्या परिषदेत कोणी लगबगीनं भेटायला आलं तर पहिला प्रश्न ठरलेला: “सायली कशी आहे?”

आपण उभा जन्म घासायचा आणि आयत्या बिळावर हिनं नागोबा होऊन बसायचं! केतकी हे कोणाजवळ बोलली नाही, पण मनात रोज बोलायची.

खरं तर हे दुखणं तापाच्या कितीतरी आधीचं होतं. केतकीचं लहान झालेलं सगळं सायलीला जायचं. पाटी, दप्तर, सायकल. एक पिवळा फ्रॉक होता, दोन खिशांचा. केतकीला तो आखूड झाला, पण जिवापाड आवडायचा. आईनं तो धुऊन, इस्त्री करून सायलीच्या अंगात घातला आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगंबाई, या फ्रॉकला खरी सायलीच शोभते!” केतकी तेव्हा नऊ वर्षांची होती. आता ती छप्पन्न वर्षांची होती आणि ते वाक्य तिला अजून काकूंच्या आवाजात ऐकू यायचं.

हे दहावं वर्ष. जागतिक ग्राही नोंदणीचा नियम असा, की दर दहा वर्षांनी दात्याचं ताजं रक्त घेऊन ग्राही त्याचंच आहे याची खात्री करायची. सायली येऊन रक्त देऊन गेली. आठवड्यानं नीरजा अहवाल घेऊन केतकीच्या खोलीत आली. ही केतकीच्या हाताखालची सगळ्यात हुशार संशोधक, पण आज दारातच घुटमळली.

“मॅडम, नमुना दूषित झालाय.”

“कशानं?”

“तुमच्यानं.”

कुठल्याही चांगल्या प्रयोगशाळेत कर्मचाऱ्यांच्या जनुकांचे ठसे जपून ठेवलेले असतात. कोणाचा केस, कोणाची त्वचा नमुन्यात पडली तर लगेच कळावं म्हणून. सायलीच्या रक्तात केतकीचा ठसा सापडला होता.

“मी त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं,” केतकी म्हणाली.

“मला माहितेय मॅडम. पण मशीनला कोण सांगणार?”

केतकी चिडली. निष्काळजीपणाचा ठपका आणि तोही तिच्यावर! तिनं नीरजाला थेट उंब्रजला पाठवलं, सायलीच्या अंगणात रक्त घ्यायला लावलं, आणि तपासणी दुसऱ्या गावच्या अशा प्रयोगशाळेत करवली जिचा उंबरठा तिनं कधी ओलांडला नव्हता. निकाल तोच आला. सायलीचं रक्त सायलीचंच होतं, पण हजारांत एखादी पेशी केतकीची होती. आणि ज्या पेशींवर ते जगप्रसिद्ध ग्राही होतं, त्या एकूण एक केतकीच्या होत्या.

दहा वर्षांपूर्वी हे कळलं नाही, कारण तेव्हा फक्त ग्राहीचं जनुक वाचलं होतं. पेशी कोणाची, हे विचारायचं कोणाला सुचलंच नाही. दाण्यांचं पोतं ज्याच्या घरातून निघालं, दाणे त्याचेच असणार, असं सगळे धरून चालले.

केतकीनं अहवाल पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग एकच शब्द म्हणाली, “आई.”

“काय मॅडम?”

“नीरजा, मूल पोटात असताना त्याच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात जातात. मूल जन्मतं, पण त्या जात नाहीत. वर्षानुवर्षं तिच्या अंगात राहतात. मग ती दुसऱ्यांदा गरोदर राहिली, तर...”

“तर त्यातल्या काही धाकट्याकडे जातात,” नीरजा हळूच म्हणाली. “पाठ्यपुस्तकात आहे. पण त्यात रक्ताच्या नव्या पेशी जन्माला घालणाऱ्या मूळपेशी असायला हव्यात. त्या तिकडे रुजायला हव्यात. थायमसपर्यंत पोचायला हव्यात.”

“पोचल्या,” केतकी म्हणाली.

अशा पेशींना नोंदणीच्या नियमांत नाव होतं: पाहुणपेशी. राहायला एकाच्या घरी, जनुकं दुसऱ्याची. नियमही होता. ग्राहीवर नाव पेशी ज्याच्या जनुकांची त्याचं, मात्र त्यानं तसं लिहून द्यायला हवं. फॉर्मवर दोनच ओळी होत्या: ‘हक्क सांगते’ आणि ‘हक्क सोडते’. एकीवर खूण करायची. मुदत एक महिन्याची.

सुरुवातीला केतकीला जो आनंद झाला, तो सांगायला तिला लाजच वाटली असती. म्हणजे नागोबा कोण आणि बीळ कोणाचं! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण हिचा कळसा बहिणीच्या काखेत निघाला होता. पण आनंद संध्याकाळपर्यंतच टिकला. मग दुसरा विचार आला आणि तो हलेना. आईनं आपले फ्रॉक तिला दिले, सायकल दिली. आणि त्याच्याही आधी, ती जन्मायच्याही आधी, हे दिलं. हा फ्रॉकसुद्धा तिलाच शोभला.

ती उंब्रजला गेली तेव्हा सायली मांडवात बसून आंब्याची कलमं बांधत होती. शेजारी खुंटांची रांग, मांडीवर काड्या, दातांत प्लॅस्टिकची पट्टी. बाहेर फाटकावर पाटी होती: ‘सायली रोपवाटिका’, आणि खाली लहान अक्षरांत ‘सायली-ग्राही हिचेच’. शाळांच्या सहली यायच्या ती पाटी बघायला. नवरा गेल्यापासून सायलीला त्या सहलींचा मोठा आधार होता. पोरांना ती दंडावरची सुई टोचलेली जागा दाखवायची आणि प्रत्येकाच्या हातात एक तुळशीचं रोप द्यायची.

“काय गं ताई, अशी मधल्याच वारी? बस. माझे हात मातीचे आहेत.”

वाटेत केतकीनं ठरवलं होतं, हळूहळू सांगायचं, बेतानं सांगायचं. तोंडातून आलं ते असं: “सायली, ते ग्राही तुझं नाही. माझं आहे.”

मग सगळं सांगितलं. आईचं रक्त, पेशींचा प्रवास, थायमस. सायली तोंडातली पट्टी काढून ऐकत राहिली.

“म्हणजे हे कलमच की गं,” ती शेवटी म्हणाली. “खुंट रायवळाचा, त्यावर काडी हापूसची. मी खुंट आणि तू काडी.”

“तसंच म्हण.”

“मग आंबा काडीचाच. त्याला कोण काय करणार? रायवळावर लागला म्हणून हापूसला कोणी रायवळ म्हणत नाही.” आणि ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. “दहा वर्षं मी फुकटची मिरवत्येय! पोरांना दंड काय दाखवत्येय! अगं पण ताई, तू पुण्याला हॉस्टेलला गेलीस तेव्हा मी आठ दिवस जेवले नव्हते. आणि तू इथेच होतीस? आतच?”

केतकीला वाटलं होतं, ही भांडेल. निदान चेहरा तरी उतरेल. एखाद्याचं काही हिसकावून घ्यायला जावं आणि त्यानं न्यायला वर पिशवी काढून द्यावी, असं झालं. धाकटीचा हा चांगुलपणा तिला लहानपणापासून सहन होत नसे.

“नाव बदलेल,” ती जरा कडक आवाजात म्हणाली. “पाटी काढावी लागेल.”

सायलीनं फाटकाकडे पाहिलं. क्षणभर हात थांबले.

“काढू की,” ती म्हणाली. “सहली काय, येतील नाहीतर नाही येणार.” मग पुन्हा काडी हातात घेऊन तिनं तिचं टोक पाचरीसारखं तासलं, ती खुंटात बसवली, पट्टी गुंडाळली. गुंडाळता गुंडाळता सहज विचारलं, “पण मग तुला ताप कसा आला गं? दोनदोनदा? पेशी तुझ्या, तर तुझ्यात का नाही झालं हे?”

“प्रत्येक थायमसमध्ये पत्ते नव्यानं पिसले जातात. माझ्यात तो डाव लागला नाही. तुझ्यात लागला.”

“म्हणजे पानं तुझी, पण जिंकली माझ्या घरी.”

सायलीच्या मनात काही म्हणजे काही नव्हतं. पण केतकीला वाटलं, छप्पन्न वर्षांत एवढं खरं तिला कोणी तोंडावर सांगितलं नव्हतं. तिच्याच पेशी, तिच्या अंगात जन्मभर ढ राहिल्या आणि धाकटीकडे जाऊन पहिल्या आल्या. तोवर ती बहिणीवर जळत होती. त्या दुपारी, मांडवात बसून, ती स्वतःच्याच पेशींवर जळायला लागली.

निघताना सायली फाटकापर्यंत आली.

“ताई, तू माझ्यात आहेस, तर मीही तुझ्यात असेनच ना थोडी?”

केतकीला उत्तर माहीत होतं. पाणी उताराकडेच जातं. सायली आईच्या पोटात आली तेव्हा केतकी चार वर्षांची होती, अंगणात खेळत होती. थोरलीकडून धाकटीकडे वाट होती, धाकटीकडून थोरलीकडे नव्हती.

“बघावं लागेल,” ती म्हणाली.

“बघ ना गं. आणि सांग मला.”

माहीत असूनही केतकीनं तपासणी केली. वेड्यासारखं आहे, हे तिलाही कळत होतं. नीरजाला हात पुढे करून म्हणाली, घे रक्त. चार कोटी पेशी एकेक करून वाचायला यंत्राला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत ती उगाचच यंत्राच्या खोलीत जाऊन बसायची. नीरजानं निकाल टेबलावर ठेवला आणि ती बाहेर गेली. आईच्या पेशी: नऊ. सायलीच्या: शून्य.

सायलीच्या अंगात आई होती, केतकी होती, पोटची मुलगी होती आणि सायली होती. चौघी एका घरात नांदत होत्या. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन लांब गेली, तरी ती बाई खऱ्या अर्थानं एक दिवसही एकटी नव्हती. इकडे केतकी, आणि आईच्या नऊ पेशी. नाव कशाकशावर लावून घेता येईल, याचा नियम होता. कोणाच्या अंगात कोणी नांदावं, याचा नव्हता.

फोन वाजला तेव्हा नोंदणीचा फॉर्म टेबलावर उघडाच होता.

“काय गं, सापडले का मी?”

केतकीनं समोरच्या शून्याकडे पाहिलं.

“सापडलीस,” ती म्हणाली.

“खरंच? कितीशी?”

“थोडीशी. पण आहेस.”

 फोनवर सायलीच्या रडण्याचा आवाज आला, आणि मग हसण्याचा. “वाटलंच होतं मला,” ती म्हणाली. हे खोटं केतकीनं मायेनं सांगितलं म्हणावं, तर बोलताना पेन तिच्या हातात होतं. फोन ठेवला आणि त्याच दमात तिनं ‘हक्क सांगते’ या ओळीपुढे खूण केली. खाली सही केली. सही नेहमीपेक्षा चांगली आली.

पुढच्या संक्रांतीपर्यंत सगळं बदललं. दोनशे प्रयोगशाळांना नव्या लेबलांच्या कुप्या गेल्या. केतकी-ग्राही. मानवी, पुनर्संयोजित. केवळ प्रयोगशाळेतील संशोधनासाठी. दारातल्या फलकावर सोनेरी अक्षरांत केतकीचं नाव आलं आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘वाहक: श्रीमती सायली दुधाणे’. रक्त मात्र दर दहा वर्षांनी सायलीचंच घ्यावं लागणार होतं. केतकीच्या त्या पेशी केतकीत नव्हत्या. परिषदेत एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञानं केतकीचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं, आणि हळूच विचारलं, “आणि सायली कशी आहे?”

सोमवारी टाकी धुऊन कोरडी झाली. वैशालीमावशी तबक घेऊन आल्या आणि दोघी बहिणींच्या मध्ये उभ्या राहिल्या.

“यंदा ओटी कोणाची भरायची?” त्यांनी विचारलं. आवाजात राग होता आणि तो त्यांनी लपवला नाही.

“ताईची,” सायली म्हणाली. “मी भरते.”

तिनं हळदकुंकू लावलं. केतकीनं पाटावर बसून नव्या साडीचा पदर पुढे धरला, आणि सायलीनं त्यात खण घातला, नारळ घातला, ओंजळीनं तांदूळ घातले. हळकुंड, सुपारी. शेवटी कुपी, लेबल वर करून. हे सगळं केतकीला जन्मभर हवं होतं. लोक टाळ्या वाजवत होते. नीरजा मागे उभी होती. निकाल तिच्या हातातूनच गेला होता, आणि ‘मीही ताईत सापडले’ हे सायलीनं तिला आल्याआल्या सांगितलं होतं. ती टाळ्या वाजवत नव्हती, खाली बघत होती.

सायली मागे सरली नाही. ती वाकली, मातीनं भेगाळलेला आपला पंजा तिनं केतकीच्या छातीवर ठेवला, हाडावर, जिथे थायमस असतो तिथे. आणि लहान मुलीशी बोलावं तशा आवाजात, केतकीशी नव्हे, आतल्या कोणाशी तरी बोलली.

“सायले, ताईकडे नीट लक्ष दे हं. तिला एकटं वाटू देऊ नकोस.”

केतकीनं ओटी दोन्ही हातांनी घट्ट धरली. आत ऐकायला कोणी नव्हतं.